कोरं जहाज

१

टिटवी काय काम करते असं कुणी विचारलं की वहिनी एका शब्दात सांगायची, "खेळते." मग समोरचा माणूस हसायचा आणि टिटवीला उगाच आपण अजून फ्रॉकमध्ये असल्यासारखं वाटायचं. पण त्यात खोटं काही नव्हतं. तिचा थोरला भाऊ पटावरचे खेळ तयार करायचा. त्याचा कॉलेजातला दोस्त त्या खेळांचे नियम लिहायचा. आणि खेळ छापायला जाण्याआधी तो पुन्हा पुन्हा खेळून त्यातली भोकं शोधून काढायची, हे टिटवीचं काम. जिंकण्यासाठी नाही, तो मोडतो कुठे ते बघण्यासाठी. चांगला खेळाडू नियम पाळून जिंकतो. चाचणीवाला नियमाच्या फटीत बोट घालून बघतो. भित्र्या माणसाला हे काम फार छान जमतं, कारण कुठे काय बिघडेल याचा विचार तो तसाही दिवसभर करतच असतो.

टिटवी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हतं. लहानपणी कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकून ओरडायची, म्हणून दादाने ठेवलेलं. पदवी मिळाली, वय वाढलं, दचकणं काही गेलं नाही आणि नावही गेलं नाही. दादाच्या दोस्ताला सगळे वकील म्हणत. कोर्टाची पायरी तो कधी चढला नव्हता, पण "जरा मीठ दे" म्हटलं तरी "जरा म्हणजे किती, आणि परत करायचं की नाही" असं विचारणारा माणूस होता तो.

त्या दिवसांत चाचणी चालली होती 'अकरा बेटं' या खेळाची. दादाचा आजवरचा सगळ्यात मोठा खेळ. तांब्याच्या रंगाचा समुद्र, आणि त्यात झोपलेल्या जनावरांच्या पाठीवर वसलेली बेटं. जनावराने कूस बदलली की बेट सरकतं, कालचं बंदर आज भलतीकडेच असतं. चित्रं वहिनीने घरी बसून काढलेली. इतकी देखणी की पटावर चहाचा कप ठेवायची कुणाची छाती होत नसे. चार जहाजं, प्रत्येक जहाजाला बोटाच्या पेराएवढा लाकडी कप्तान, आणि प्रत्येक खेळाडूसमोर आपले पत्ते लपवायला पुठ्ठ्याचा आडोसा.

खेळ चौघांचा आणि माणसं तीन. म्हणून चौथं जहाज रिकाम्या खुर्चीचं. दर फेरीला वाऱ्याच्या गड्डीतला एक पत्ता उलटायचा आणि तो सांगेल तसं ते सरकवायचं, असा साधा नियम. तांबडं जहाज दादाचं, पिवळं टिटवीचं, हिरवं वकिलाचं. चौथ्याला रंग लावायचा राहूनच गेला होता, म्हणून त्याला सगळे कोरं जहाज म्हणत. चौकोनी टेबलाच्या एका बाजूला दादा, त्याच्या डाव्या हाताला टिटवी, मग वकील, आणि मग ती खुर्ची. म्हणजे टिटवीच्या बरोबर समोर.

खोली एका शिवणकामाच्या कारखान्याच्या वर होती. खाली मशीनं सुरू झाली की पटावरची जहाजं बारीक थरथरायची आणि एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. मशीनं थांबली की सगळे एकदम मोठ्याने बोलत असलेले पकडले जायचे. त्याची आता सवय झाली होती.

एका दुपारी टिटवीच्या लक्षात आलं की आपण थांबतो.

वकिलाचा डाव झाला. त्याने पत्ते नीट केले. मग दादाने लगेच आपला डाव सुरू करायला काय हरकत होती? पण तो बसून राहिला. वकीलही. तीही. तिघांच्या नजरा रिकाम्या खुर्चीकडे, आणि त्या नजरेत कंटाळा नव्हता. घरातलं मोठं माणूस बोलत असलं की त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत आपण गप्प राहतो, तसं काहीतरी. मग दादाने मान डोलावली आणि तांबडं जहाज पुढे सरकवलं.

मशीनं चालू होती म्हणून, टिटवीने स्वतःला सांगितलं. मशीनं चालू असली की कुणीही थांबेल.

२

पुढच्या आठवड्यात कारखान्याला सुट्टी होती. खालचं शटर बंद, जिन्यात चिंध्यांचा ढीग नाही, खोलीत अशी शांतता की वकिलाच्या पोटातली गुरगुर ऐकू येत होती.

"भूक लागली वाटतं वकीलसाहेबांना," टिटवी म्हणाली.

"ही गुरगुर पुरावा म्हणून धरता येणार नाही," वकील म्हणाला आणि हिरवं जहाज धुक्याच्या बेटाला लावलं.

मग तिघंही थांबले.

टिटवीने ठरवून आपली नजर खुर्चीवरून काढली आणि दोघांकडे पाहिलं. वकिलाने हनुवटी तळहातावर टेकली होती. दादाचे डोळे किंचित बारीक झाले होते, अवघड मुद्दा कुणी समजावून सांगत असताना होतात तसे. खुर्ची साधी लाकडी, पाठीला दोन आडव्या पट्ट्या. तिच्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा. भिंतीवर पंख्याची सावली फिरत होती.

"हं," दादा म्हणाला, आणि आपला पत्ता टाकला.

"हं काय?" टिटवीने विचारलं.

"काय हं?"

"तू आत्ता हं म्हणालास."

"म्हणालो असेन. आता हं म्हणायलाही तुझी परवानगी काढायची का?"

"कुणाला म्हणालास पण?"

दादा हसला. "झालं, टिटवी ओरडली. आज पाऊस किंवा पाहुणे, काहीतरी नक्की."

तीही हसली, पण तिचा अंगठा आपोआप दातांकडे गेला. नखं खायची सवय तिला वहिनीने मिरची लावूनही सुटली नव्हती. तिला आता आणखी एक गोष्ट दिसायला लागली होती. पहिल्या दिवशी त्यांनी आपल्या पिशव्या, छत्र्या, डबे त्याच रिकाम्या खुर्चीवर टाकले होते. आता सगळ्यांच्या पिशव्या भिंतीशी जमिनीवर होत्या. त्या तिथे कधीपासून ठेवायला लागलो, हे तिला काही केल्या आठवेना.

"एक सांगा," ती म्हणाली. "मागचा डाव कोरं जहाज जिंकलं. त्याच्या आधीचाही तेच जिंकलं. ते हलवत कोण होतं?"

"तू," वकील म्हणाला.

"मी नाही. मला वाटलं तुम्ही. तुमच्या शेजारची खुर्ची आहे."

"शेजारच्या खुर्चीची जबाबदारी माझ्यावर कोणत्या कलमाने येते? मला वाटलं तुझा दादा."

"मी आपला डाव बघू की वाऱ्याचा?" दादा म्हणाला. "मी समजत होतो टिटवी हलवते. एवढी शिस्तीची पोरगी."

वाऱ्याची गड्डी पटाच्या कडेला होती. टिटवीने ती उचलली. छापखान्यातून नमुना म्हणून आली तेव्हाचं रबर तिच्यावर तसंच होतं.

मग वकील खाकरला आणि म्हणाला की तीन शिकलेली माणसं, प्रत्येकाचं लक्ष आपल्याच पत्त्यांत, जो तो मनाने कोरं जहाज सरकवत गेला आणि विसरत गेला. हे फार हास्यास्पद आहे पण अशक्य नाही. दादा म्हणाला, सगळी चाचणी फुकट गेली, दुसरं काय. यापुढे वाऱ्याचा पत्ता टिटवीने काढायचा. ठरलं. टिटवीने रबर काढून मनगटात घातलं, विसरायला नको म्हणून.

आणि पुढच्या फेरीत ती विसरली. त्याच्या पुढच्याही. घरी जाऊन हात धुताना मनगटातलं रबर दिसलं तेव्हा तिला आठवलं.

३

त्या डावात दादाचा कप्तान पकडला गेला.

कोरं जहाज कुठून आलं ते कळलंच नाही. बेटं सरकली, तांबड्या जहाजाची वाट बंद झाली आणि कोरं जहाज त्याच्या कुशीला लागलेलं दिसलं. जहाजांच्या पोटात एक खाच होती, कैदी ठेवायला. तांबडा कप्तान त्या खाचेत आडवा पडला होता. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने ठेवला.

"सुरेख चाल," वकील म्हणाला, आणि मग स्वतःच गोंधळला.

'अकरा बेटं'मध्ये कैदेचा एक गमतीचा नियम होता, खुद्द दादाच्या डोक्यातून निघालेला. ज्याचा कप्तान कैदेत, त्याने आपली पाळी येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. डाव हरणारी माणसं फार कटकट करतात, त्यावर उपाय.

"भोगा आता कर्माची फळं," वकील म्हणाला. दादाने ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मिचकावले.

डाव त्या दिवशी संपला नाही. त्यांच्या कामात अर्धा डाव मोडत नसत. मोडला तर भोक कुठे होतं ते कायमचं हरवतं, असं म्हणत. म्हणून पटावर जुनी चादर टाकून, दिवे घालवून घरी जायचं, आणि पुन्हा बसायचं तेव्हा तिथूनच पुढे. टिटवीने चादर टाकली. चादरीखाली चार टोकं वर आलेली दिसत होती.

रस्त्याने दादा गप्प होता. टिटवीने विचारलं, "भाजी घ्यायची का?" तो तिच्याकडे बघत चालत राहिला. सिग्नल बदलला, दोघांनी रस्ता ओलांडला, पलीकडच्या फुटपाथवर चढल्यावर तो म्हणाला, "घेऊ या. वांगी नकोत."

थट्टा लांबवायची खोड त्याला लहानपणापासून होती. ती हसली.

४

तिसऱ्या दिवसापासून वहिनीचं हसू आटलं.

"तुझ्या भावाचं काय बिनसलंय ते विचार जरा," ती स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता म्हणाली. "मी विचारलं तर महाराज विचार करून उत्तर देतात. नवऱ्याला 'चहा हवा का' विचारायला आता अर्ज करून ठेवायचा आणि तारखेची वाट बघायची."

"खेळ छापायला जायचाय ना. डोक्यात तेच असणार."

"डोक्यात असू दे. जिभेवर काय आहे?"

जेवताना टिटवीने लक्ष ठेवलं. वहिनी काहीतरी बोलायची. मग टिटवी बोलायची. मग दादा मान वळवून टेबलाच्या मोकळ्या बाजूकडे बघायचा. तिकडे भिंत होती, भिंतीला टेकवलेला इस्त्रीचा घडीचा पाट होता. तिकडे तो अदबीने बघत राहायचा, आणि मग वळून बोलायचा. बोलायचा अगदी नेहमीसारखं, आमटी आंबट झालीय वगैरे. एक वाक्य. की पुन्हा गप्प. त्याच्या वाट्याचा डाव संपला.

आणि वहिनी बोलली नाही, टिटवी बोलली नाही, तर तोही बोलायचा नाही. फेरी पुढे सरकतच नसे.

"दादा, पुरे ना आता," ती एकदा न राहवून म्हणाली. "नियम खेळातला आहे, घरातला नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत थट्टा नव्हती. इतकी ओळखीची नजर, आणि ती एखाद्या खिडकीच्या गजांमागून बघावं तशी. ती घाबरून दुसरंच काहीतरी बोलायला लागली.

रविवारी सकाळी वहिनी गॅसपाशी उभी होती, पाठ शेगडीकडे, हातात डबा, टिटवीला कुठल्याशा मैत्रिणीच्या बाळाचं कौतुक सांगत. दादा दारात, तिच्या अगदी समोर. टिटवी बेसिनपाशी फडकं पिळत होती. तिने सहज दादाकडे पाहिलं.

त्याचे डोळे विस्फारले होते. मानेच्या शिरा ताठ. ओठ असे घट्ट मिटलेले की पांढरे पडले होते. तो वहिनीच्या खांद्यामागे बघत होता, आणि मग, टिटवीच्या देखत, त्याने मान वळवली आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघत थांबला. अदबीने. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

टिटवी वळली. वहिनीच्या ओढणीचं टोक शेगडीवर होतं आणि त्यातून ज्योत वर चढत होती.

हातातलं ओलं फडकं तिने कसं मारलं ते तिलाही कळलं नाही. ओढणी जमिनीवर, डबा जमिनीवर, डाळ सगळीकडे. वहिनीला चटका बसला नव्हता, नुसता जळका वास आणि भिंतीपर्यंत गेलेली डाळ.

"ओढणी," दादा म्हणाला. "ओढणी पेटलीय."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. "तुला दिसत होतं," ती म्हणाली, फार हळू. "तू समोर होतास. तुला दिसत होतं."

तो काही बोलला नाही. त्याची पाळी होऊन गेली होती.

संध्याकाळी वहिनीने बॅग काढली. रागाने नाही. टिटवीला ती एवढंच म्हणाली, "मला त्याची भीती वाटायला लागली गं. चार दिवस माहेरी राहते. तो बोलायला लागला की कळव. नाही लागला तर..." आणि पुढचं वाक्य तिने चेन ओढून बंद केलं.

५

सोमवारी टिटवी खोलीवर गेली तेव्हा वकील आधीच आला होता, आणि दादाही, आपल्या खुर्चीत, चादर टाकलेल्या पटासमोर. खाली मशीनं धडधडत होती.

"डाव मोडायचा," ती म्हणाली.

"अर्धा डाव मोडत नाहीत," वकील म्हणाला. पण त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. शनिवारी त्याने दादाला फोन केला होता आणि बराच वेळ फक्त श्वास ऐकला होता.

तिने चादर ओढली. कोऱ्या जहाजाच्या पोटातला तांबडा कप्तान उचलायला हात पुढे केला, आणि दादाने तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की तिच्या बोटांना मुंग्या आल्या. तो मान हलवत होता. नाही. नाही.

"मग काय करू?" ती म्हणाली. वकील म्हणाला, "अरे, सोड तिला." मग दादा रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबला. टिटवीला त्या थांबण्यात आता स्वतःला आवरावं लागलं, कारण तिचीही मान तिकडे वळत होती.

"मोडू नकोस," दादा म्हणाला. "मी अजून त्यात आहे. मोडलास तर बाहेर कुठून येऊ?"

त्याने मनगट सोडलं आणि ओठ मिटले.

ती खुर्चीत बसली. नख खाल्लं. विचार केला. तिला दुसरं काही येत नसेल, पण हे येत होतं. जगातला कुठलाही नियम घ्या, त्याला फट असते. कैदी सोडवायचा रस्ता काय? कोऱ्या जहाजाला हरवणं. ते कुणाला जमत नव्हतं. दुसरा रस्ता? ज्याने पकडला त्याने आपण होऊन सोडणं. तो तर कुणीच नव्हता. खुर्ची रिकामी होती.

रिकामी होती.

"वकीलसाहेब," ती म्हणाली. "डाव चालू असताना उशिरा एखादा खेळाडू आला तर?"

"तर तो रिकाम्या खुर्चीत बसेल," वकील सवयीने म्हणाला. "आणि जहाज, पत्ते, माल, कैदी, जे काही त्या खुर्चीचं असेल ते त्याचं. माझाच नियम आहे."

"तो खेळाडू आधी दुसऱ्या खुर्चीत बसलेला नसावा, असं कुठे म्हटलंय का?"

वकिलाने मनातल्या मनात कलमं चाळली. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "नाही म्हटलेलं," तो म्हणाला. "टिटवे, हे फार मोठं भोक आहे."

"मी पिवळी खुर्ची सोडते. तिकडे बसते. कैदी माझा, मी सोडते. पिवळं जहाज राहील रिकाम्या खुर्चीचं, त्याला वारा हलवेल."

"नियमात बसतंय," वकील म्हणाला. "वाईट दिसतंय, पण बसतंय."

दादा तिच्याकडे बघत होता. काहीतरी सांगायचं होतं त्याला. पण त्याची पाळी नव्हती.

६

टेबलाला वळसा घालून ती त्या खुर्चीपाशी गेली. एवढ्या दिवसांत या बाजूला आपण कधी आलोच नव्हतो, हे तिला तेव्हा जाणवलं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे पत्ते होते. ते कुणी वाटले नव्हते. पण होते, पंख्यासारखे लावलेले, डाव्या हाताने लावतात तसे, मोठ्यावर छोटा. एका पत्त्याचा कोपरा सारखा चोळून मऊ झाला होता.

चोळला असेल कुणीतरी, तिने स्वतःला सांगितलं. छापखान्यात.

ती बसली.

खुर्ची ऊबदार वगैरे नव्हती. गार होती, लाकडी होती, जरा डुगडुगत होती. तिने सुटकेचा श्वास सोडला. फक्त मशीनांचा आवाज इथून लांबचा येत होता, कानांत पाणी गेल्यासारखा. आणि इथून बघितल्यावर तिघांचे आडोसे असे काही तिरपे होते की दादाचे पत्ते दिसत होते, वकिलाचेही. समोरचे पिवळे, म्हणजे तिचे स्वतःचे, सुद्धा. इतके दिवस ती ते छातीशी लपवून धरत आली होती.

"माझा डाव," ती म्हणाली. तांबडा कप्तान तिने खाचेतून उचलला आणि तांबड्या जहाजावर ठेवला. "कैदी सुटला."

दादाने श्वास घेतला. पाण्याखाली फार वेळ राहून वर आलेला माणूस घेतो तसा. आणि मग तो बोलायलाच लागला. "अरे किती उकडतंय इथे, तो पंखा वाढव कुणीतरी, आणि वकिला, तो कैदेचा नियम भिकार आहे, म्हणजे माझाच आहे, पण मी बडबडलो म्हणून तू लिहून कशाला घेतलास." वकील म्हणाला, "लिहिलं नसतं तर म्हणाला असतास की," आणि दादा म्हणाला, "म्हणालो असतो, मग काय," दोघंही एकाच वेळी, एकमेकांचं वाक्य तुडवत, पाळी नाही, फेरी नाही. दादाने खिशातून रुमाल काढून खसाखसा तोंड पुसलं. टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या हाताने एवढं मोठं काम जन्मात कधी झालं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली. "आधी वहिनीला फोन कर."

दोघं गप्प झाले.

एकदम. अदबीने. दोघांनी तिच्याकडे तोंडं वळवली, आणि तिच्या चेहऱ्याच्या जरा वर, खुर्चीच्या आडव्या पट्टीकडे बघत राहिले. वकिलाने हनुवटी तळहातावर टेकली.

"दादा, अरे, मी बोलतेय. असं काय बघताय?"

ते थांबले होते. ती बोलायची थांबली तसा दादा म्हणाला, "हं," आणि आपला पत्ता टाकून तांबडं जहाज पुढे सरकवलं.

"चल टिटवी," तो समोर न बघता, आपल्या डाव्या हाताला बघत म्हणाला. "तुझा डाव."

७

या खोलीत आपण किती दुपारी असं थांबलो होतो, ते टिटवीला आठवायला लागलं. प्रत्येक फेरीला. वकिलानंतर, दादाच्या आधी. तेव्हा खुर्ची रिकामी दिसत होती, आणि तिथून काही ऐकू येत नव्हतं, आणि तरी कुणाचं तरी बोलणं चालू असल्यासारखे ते थांबत होते. बोलणं चालूच होतं. आता ती बोलतेय तसंच. बरोबर तिच्या समोर बसून, तिच्या तोंडाकडे बघत, कुणीतरी बोलत होतं. विनवत असेल. आणि तिने नखं खात वाट बघितली होती, ते संपायची.

उठायचं, तिला वाटलं. नुसतं उठायचं आणि तिकडे जाऊन बसायचं. फटीतून आत येता येतं तसं बाहेरही जाता येतं, हा तर आपला धंदा आहे. तिने टेबलाच्या कडेला हात लावला. उठून जाऊन बसायला दुसरी खुर्ची रिकामी असावी लागते.

ती समोर बघत नव्हती. इतका वेळ ती दादाकडे बघत होती, वकिलाकडे, पटाकडे. आता तिने समोर पाहिलं.

पिवळ्या आडोशामागे कुणीतरी वाकून बसलं होतं. केसांचा भांग दिसत होता, मधोमध नाही, जरा डावीकडे, सकाळी घाईत पाडलेला. अंगठा दातांत होता. चेहरा वर आला नाही. फक्त एक हात आडोशावरून पुढे आला, डावा, आणि त्याने पिवळं जहाज उचलून थेट धुक्याच्या बेटांमधून, जिथे टिटवी मरून गेली असती तरी गेली नसती त्या वाटेने, सरळ नेऊन उघड्या समुद्रात ठेवलं.

"वा," वकील म्हणाला. "आज कुणीतरी भीती घरी विसरून आलंय."

समोरून हसू आलं. ते तिचंच हसू होतं, शेवटी जरा किनरं होणारं.

"वहिनीला फोन करायचा राहिला की," दादा म्हणाला, जणू त्याचं त्यालाच आत्ता सुचलं. त्याने फोन लावला आणि लगेच, पलीकडून कुणी बोलण्याचीही वाट न बघता, बोलायला लागला. "ऐक, मी आहे. बॅग भर आणि ये. हो. बोलतोय ना, बघ, थांबतो का कुठे? चुकलो. फार चुकलो, आलीस की सांगतो सगळं. रडू नकोस. हो, टिटवी आहे ना इथे, तिनेच सोडवलं मला. देतो."

त्याने फोन डावीकडे धरला. वाकलेल्या डोक्याजवळ एका हाताने तो घेतला.

"वहिनी," समोरून आवाज आला. "अगं, बरा आहे तो. ये तू."

मग टिटवी ओरडली. लहानपणापासून ज्या ओरडण्यावरून सगळं घर तिला चिडवत आलं होतं, ते सगळं एका दमात ओरडली. मी इथे आहे. ती मी नाही. वहिनी, येऊ नकोस.

वकील थांबला. दादा थांबला, मान किंचित वाकवून, ऐकत असल्यासारखा. समोर फोन कानाला लावलेली तीही थांबली. फोनमधून येणारी वहिनीची बारीक चिरकी बडबडही मध्येच थांबली, आणि टिटवीचा श्वास संपेपर्यंत थांबलेली राहिली.

"हं," वहिनी पलीकडून म्हणाली. "मग जेवायला काय करू?"